टाकी ओतू नका, सेल्फ मारू नका

सापगाव, शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड आणि आजूबाजूच्या पाड्यांवरचे सगळे वाहनधारक, रिक्षा-जीपवाले, टेम्पोवाले आणि गॅरेजवाले यांना कळकळीची विनंती आहे. पंपावरून इंधन भरून बाहेर पडलात आणि चार-दोन किलोमीटरांत गाडी गचके खायला लागली, रेस दिली की दम टाकायला लागली, मिसिंग मारत बंद पडली, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. चार जण जमवून धक्का मारू नका. आणि कोणीही कितीही घाई केली तरी टाकीतलं इंधन गटारात ओतून देऊ नका.

पंपावर भेसळ झाली असेल, पाणी शिरलं असेल किंवा कोणी रात्रीत डाव साधून टाकीत काही टाकलं असेल, त्याचा पुरावा एकाच ठिकाणी असतो, टाकीत. आपल्याकडे होतं काय, की मेकॅनिक आल्या आल्या टाकी उतरवतो, तेल मोरीत जातं, टाकी धुऊन निघते, गाडी सुरू होते आणि मग सगळे पंपवाल्याच्या किंवा भाऊबंदांच्या नावानं ओरडायला लागतात. हातात काही नसतं. पंपवाला हात वर करतो, पोलीस ठाण्यात अर्ज कुठल्या आधारावर घ्यायचा असा प्रश्न येतो, आणि गावात मात्र भांडण लागतं ते पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीपर्यंत मिटत नाही.

हे आत्ताच सांगण्याचं कारण पाऊस. पंपाच्या इंधनाच्या टाक्या जमिनीखाली असतात. झाकण नीट बसलं नाही, पाइपाला चीर गेली, आवारात पाणी तुंबलं की पाणी खाली उतरतं. पाणी पेट्रोलपेक्षा आणि डिझेलपेक्षाही जड, म्हणून तळाशी बसतं. साठा खाली गेला किंवा टँकर ओतल्यावर तळ ढवळला की नोझलमधून तेच तुमच्या गाडीत येतं. याच दिवसांत चिखलणीसाठी पॉवर टिलरचं डिझेल घरात कॅनमधून आणून ठेवलेलं असतं, ओसरीवर, अर्धवट झाकणानं, आणि पावसाची झड थेट त्यावर येत असते. शाळा सुरू झाल्यात, मुलांच्या गाड्या भरून पळताहेत. माळशेजकडे आणि कसाऱ्याकडे शनिवार-रविवारी रांगा लागतात. घाटाच्या चढावर धुक्यात गाडी मेली की मागच्याला ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि भातसा नदीला पाणी चढलेलं असताना पलीकडच्या गावातून बाळंतीण घेऊन शहापूरच्या दवाखान्याकडे निघालेली जीप सापगावच्या पुलाअलीकडे गचके खाऊन उभी राहिली, तर तेव्हा पेट्रोलची शुद्धता कोणी विचारणार नाही.

गाडी बिघडली की पहिली पंधरा मिनिटं काय करायचं ते नीट ऐका. गाडी बाजूला घ्या. मोबाइलवर डॅशबोर्डचा फोटो काढा, त्यात किलोमीटरचा आकडा आणि पेटलेले दिवे दोन्ही आले पाहिजेत, मग चावी बंद करा. इंधनाचं बिल शोधा. बिल घेत नसाल तर आजपासून घ्या, कारण ऑनलाइन पैसे दिल्याचा मेसेज फक्त रक्कम आणि वेळ सांगतो, कोणत्या मशीनमधून किती लिटर गेलं ते नाही. मग त्याच पंपावर त्याच वेळेला भरलेल्या ओळखीच्या दोघा-तिघांना फोन लावा. तुमची एकट्याची गाडी बिघडली असेल तर कारण तुमच्या गाडीत असण्याची शक्यता जास्त. पाच गाड्या बिघडल्या असतील तर प्रश्न पंपाचा आहे. मध्य प्रदेशात २६ जून २०२५ च्या रात्री रतलामजवळ हेच झालं. मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यासाठी आणलेल्या १९ गाड्यांनी एका पंपावर डिझेल भरलं आणि थोड्याच अंतरावर एकामागून एक सगळ्या बंद पडल्या. अधिकारी रस्त्यावरच उभे होते, टाक्या तिथेच खोलल्या गेल्या, डिझेलात पाणी सापडलं आणि पंप सील झाला. तुमच्या-माझ्या मागे अधिकारी धावत येणार नाहीत हे खरं. पण टाक्या सगळ्यांच्या देखत उघडल्या आणि तेल तिथेच तपासलं गेलं, ते आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

नमुना काढायचा तो असा. काचेची स्वच्छ आणि आतून पूर्ण कोरडी बाटली घ्या, झाकण घट्ट बसणारं. कोल्ड्रिंकची प्लास्टिक बाटली नको. एक तर ती या कामासाठी नाही, आणि घरातलं पोर सरबत समजून ती तोंडाला लावू शकतं. जुन्या कार्बोरेटरच्या मोटरसायकलीत कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू ढिला केला की थोडं तेल येतं. पाणी असेल तर ते तिथेच साठलेलं असतं. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत हा स्क्रू नसतो, तिथे मेकॅनिकला टाकीतला पंप उघडावा लागतो. डिझेलच्या पिकअपला आणि जीपला फिल्टरच्या तळाशी पाणी काढायची चावी असते. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला असेल तर आधी तिथलं काढा. टाकीचा नमुना घेताना वरचं नको, तळाचं हवं. बॅटरीची वायर सोडा, काम उघड्यावर करा, आसपास विडी-सिगारेट, चूल, ग्राइंडर काही नको. तेल उतरवायला पत्र्याचा डबा वापरा, प्लास्टिकची बादली नको, त्यात घर्षणानं ठिणगी पडू शकते.

आणि तोंडानं पाइप ओढू नका. गावोगाव हे सर्रास चालतं, थुंकलं की झालं असं समजून. पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांचा थेंब पोटापेक्षा फुप्फुसात उतरला तर जास्त वाईट, फुप्फुसाला सूज येते, आणि तो त्रास काही तासांनी सुरू होतो. कोणाच्या तोंडात गेलंच तर उलटी काढायला लावू नका, थेट दवाखान्यात न्या. हातपंप शहापूरच्या बाजारात मिळतो, तो गॅरेजमध्ये ठेवा.

बाटली सपाट जागी ठेवा, हलवू नका, अर्धा-पाऊण तास थांबा आणि उजेडाकडे धरून बघा. डिझेलात पाणी असेल तर खाली वेगळा थर बसतो, दोहोंमध्ये रेघ दिसते. तेल सगळंच दुधाळ, धूसर दिसलं तर पाणी बारीक थेंबांनी मिसळलं आहे, आणखी थांबा. पेट्रोलची गोष्ट आता जरा वेगळी झाली आहे. देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, ई-२०, पेट्रोल विकलं जातं. इथेनॉल थोडं पाणी आपल्यात विरघळवून ठेवतं. पण पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की पेट्रोल वर राहतं आणि पाण्याबरोबर इथेनॉलही खाली उतरतं. म्हणून तळाचा थर प्रत्यक्ष पाण्यापेक्षा खूप जाड दिसतो. मोबाइलवर व्हिडिओ फिरतात ना, पेट्रोलच्या बाटलीत ओंजळभर पाणी ओतायचं आणि खालचा थर वाढलेला दाखवून ‘बघा किती पाणी’ म्हणून ओरडायचं, तो प्रकार फसवा आहे. खाली उतरलेलं त्यातलं बरंचसं इथेनॉल असतं, आणि ते तिथे सरकारी परवानगीनंच आहे. आपल्या बाटलीत पाणी ओतू नका. जे आहे ते बघा.

पंपावर फिल्टर पेपर मागणं हा तुमचा हक्क आहे, तो फुकट द्यावा लागतो. नोझलचं तोंड पुसून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाका, दोनेक मिनिटांत उडून गेला पाहिजे. फिकट गुलाबीसर छटा राहिली तर घाबरायचं कारण नाही, पेट्रोलला रंग दिलेला असतो. तेलकट, काळपट डाग राहिला तर रॉकेल-डिझेलसारखं जड काहीतरी आत आहे. मात्र हा कागद पाणी पकडत नाही, हलक्या सॉल्व्हंटची भेसळही पकडत नाही, आणि डिझेलसाठी तो उपयोगाचाच नाही. डिझेल कागदावर डाग सोडणारच. त्यासाठी घनता बघावी लागते. त्या दिवसाची घनता पंपावर फलकावर लिहिलेली असते. हायड्रोमीटर आणि तापमापक मागवा, तुमच्यासमोर मोजायला लावा. १५ अंश सेल्सिअसला बदलून काढलेला आकडा नोंदलेल्या आकड्यापेक्षा घनमीटरमागे ३ किलोहून जास्त सरकला तर लेखी खुलासा मागा. पंपवाला चिडला तरी चिडू द्या. प्रामाणिक पंपवाल्याला या मोजणीनं काहीच तोटा नाही, उलट त्याच्या नावाचा बोभाटा थांबतो.

साखरेबद्दल सांगायलाच हवं, कारण आपल्या भागात टाकीत कुणी काही टाकलं असा संशय आला की पहिलं नाव साखरेचं निघतं. साखर पेट्रोलमध्ये जवळपास विरघळत नाही. बर्कलीच्या विद्यापीठातले न्यायसहायक विज्ञानाचे प्राध्यापक जॉन थॉर्नटन यांनी १९९४ मध्ये हे मोजून दाखवलं होतं: मोटारीच्या अख्ख्या टाकीत चमचाभरसुद्धा विरघळत नाही. म्हणजे सिनेमातल्यासारखा इंजिनचा पाक होत नाही. साखर तळाशी बसते आणि पंपाची जाळी, फिल्टर तुंबवते. तेल पुढे जात नाही आणि गाडी जोर लावताना मरते. वाळू, माती यांचंही तेच. टाकीत आधीच पाणी असेल तर मात्र साखर त्या पाण्यात उतरते आणि चिकट रस पुढे सरकतो.

गाळ सापडला तर तो वेगळ्या बरणीत काढा, उघड्यावर सावलीत वाळू द्या, पेट्रोलचा वास पूर्ण गेल्यावर त्यातला चिमूटभर पाण्यात टाका. विरघळला तर साखर किंवा मीठ, तळाशी राहिला तर वाळू किंवा गंज. चव घेऊन बघू नका, असंही काही शूर लोक करतात. लालसर, चुंबकाला चिकटणारा गाळ असेल तर तो तुमच्या टाकीचाच गंज आहे, शेजाऱ्यानं काही केलेलं नाही.

आता कटू बोलतो. अशा तक्रारींमध्ये इंधनाचा दोष नसलेल्याच बऱ्याच निघतात. पावसाळ्यात प्लगच्या कॅपमध्ये ओल जाते. गोठ्याशेजारी उभ्या केलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. भाताच्या कोंड्यानं एअर फिल्टर भरतो. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र चिखलानं बुजतं. झाकण उघडल्यावर सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत गेली आणि गाडी पुन्हा नीट चालली, तर दोष त्या झाकणाचा. चार सिलिंडरपैकी एकच मिसिंग मारत असेल तर बहुधा तो प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर असतो, कारण खराब तेल सगळ्यांच्याच वाट्याला सारखं येतं. गॅरेजमध्ये स्कॅनर असेल तर पी-०३०० हा कोड अनेक सिलिंडरांत मिसिंग असल्याचं सांगतो, पी-०३०१ पासून पुढचे एकेका सिलिंडरकडे बोट दाखवतात. कोड पुसण्यापूर्वी पडद्याचा फोटो काढा. ‘इंजिन’ दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी ओढू नका, सायलेन्सरमधला महागडा भाग जळतो.

डिझेलवाल्यांनी जास्त जपावं. आजच्या कॉमन रेल गाड्यांमध्ये उच्चदाबाच्या पंपाला वंगण म्हणून डिझेलच असतं. त्यात पाणी किंवा पेट्रोल गेलं की पंप आतून घासतो, धातूचा बारीक चुरा निघतो, तो इंजेक्टरपर्यंत जातो आणि खर्च काही हजारांत असतो तो लाखाच्या घरात जातो. पंपावरच्या नव्या पोरानं डिझेलच्या गाडीत पेट्रोलचं नोझल लावलं, तर चावी फिरवूसुद्धा नका, नुसती चावी फिरवली तरी काही गाड्यांत टाकीतला पंप तेल पुढे ढकलायला लागतो. गाडी तिथून ढकलत बाजूला न्या आणि टाकी रिकामी करा. बाटली मात्र भरून ठेवा.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. कोणाला रात्री रस्त्याच्या कडेला, धाब्यामागे टँकरमधून तेल उतरवताना दिसलं, तर स्वतः जाऊन व्हिडिओ काढत उभं राहू नका. मनमाडजवळ पानेवाडीला २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी असंच भेसळीचं काम पकडलं आणि तिथेच त्यांना रॉकेल टाकून जिवंत जाळलं गेलं. त्याआधी २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरीला इंडियन ऑइलचे अधिकारी मंजुनाथ यांना पंप सील केल्याच्या रागातून गोळ्या घातल्या होत्या. ज्यांच्या हातात सरकारी शिक्का होता त्यांची ही गत. तुम्ही लांबूनच गाडीचा नंबर, वेळ, जागा लिहून घ्या आणि ११२ ला फोन करा.

तक्रार कुठे करायची? पंपावर तक्रारवही असते, त्यात लिहा आणि पानाचा फोटो घ्या. कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याचा नंबर पंपावर लावलेला असतो. तहसील कार्यालयातल्या पुरवठा विभागाला पंपावर जाऊन नमुने घ्यायचा अधिकार आहे. पेट्रोल-डिझेलच्या भेसळीविरुद्धचा २००५ चा केंद्राचा आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येतो, त्यात हे नमुने सीलबंद होऊन प्रयोगशाळेत जातात. खरं सांगायचं तर तुमच्या घरातली बाटली ही न्यायालयातला तसला पुरावा नाही, कारण ती सील कोणी केली हा प्रश्न येतो. पण ती बाटली दाखवली की ‘आजच्या आज येऊन पंपाचा नमुना घ्या’ हे म्हणायला जोर येतो. आणि एक दिवसही गेला की पंपाच्या टाकीत नवा माल पडतो. मापात मारलं जातंय असा संशय असेल तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा, त्यात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. तक्रार वैधमापन विभागाकडे. माप मारायचे उद्योग काही दूरदेशीचे नाहीत, जून २०१७ मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेनेच पंपांच्या मशीनमध्ये बसवलेल्या चिप शोधून काढल्या होत्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५. कोणी मुद्दाम टाकीत काही टाकलं असेल तर पोलिसांत खोडसाळपणाची तक्रार होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३२४ व्या कलमाखाली. विमा पूर्ण असेल तर कोणी मुद्दाम केलेलं नुकसान त्यात येतं, पण कंपनीला इंजिन उघडण्याआधी कळवायला हवं. उघडून झाल्यावर कळवलं की ते साधा बिघाड म्हणून हात झटकतात.

पंपमालकांनाही एक विनंती. पावसाच्या या चार महिन्यांत टाकीच्या तळाचं पाणी रोज तपासा, टँकर ओतल्यावर पुन्हा तपासा, आणि इथेनॉलच्या पेट्रोलसाठी लागणारी पाणी शोधायची वेगळी पेस्ट वापरा, जुनी साधी पेस्ट त्यात फसवते. पाणी लागलं तर तो पॉइंट बंद करून तसा फलक लावा. गिऱ्हाईक रागावेल, पण परत येईल. किराणा दुकानात प्लास्टिकच्या बाटलीतून सुटं पेट्रोल विकणाऱ्यांनी तो धंदा आजच थांबवावा. ते कायद्यात बसत नाही, कशात काय मिसळलंय ते कोणालाच कळत नाही, आणि आगीचा धोका वेगळाच.

उतरवलेलं खराब तेल कोणत्याही परिस्थितीत ओढ्यात, गटारात टाकू नका. इथलं सगळं पाणी शेवटी नदीला जातं. पत्र्याच्या बंद डब्यात ठेवा आणि तक्रार निकालात निघेपर्यंत सांभाळा.

गॅरेजवाले मित्रांनो, तुमच्यावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे. काचेच्या दोन कोरड्या बाटल्या, चिकटपट्टी, मार्कर आणि हातपंप एका पेटीत घालून ठेवा. टाकी उघडण्याआधी गिऱ्हाइकाला समोर उभं करा, बाटली त्याच्यासमोर भरा, झाकणावर पट्टी लावून तिच्यावर तारीख, वेळ, किलोमीटर आणि दोघा साक्षीदारांच्या सह्या घ्या, मग कामाला हात लावा. दोन बाटल्या भरा, एक त्याला द्या, एक तुमच्याकडे ठेवा, उन्हापासून आणि चुलीपासून लांब. आणि गाडीचा नंबर आधी लिहा, बाटली भरल्यावर नाही. एका संध्याकाळी तीन गाड्या आल्या की कोणती बाटली कोणाची हे कोणालाच आठवत नाही.